एकाला धावायचे, दुसऱ्याला डोंगर चढायचा: पावसाळी दोन दिवसांसाठी माथेरान, भंडारदरा की आंबोली?

माझी पत्नी धावते आणि मला डोंगर चढायला आवडते. ऐकताना हे दोन छंद सख्खे वाटतात. म्हणूनच पावसाळ्यात दोन दिवसांसाठी एखादे लाकडी कॉटेज घ्यावे, सकाळी तिने धावावे, मी चढावे आणि दुपारी दोघांनी पडवीत बसून पाऊस पाहावा, असा बेत आम्ही दरवर्षी आखत आलो आहोत. प्रत्यक्षात या दोन छंदांची घड्याळे निराळी आहेत. धावणारी व्यक्ती सहाला बाहेर पडते आणि साडेसातला चहाच्या कपाशी परतलेली असते, तर गडावर गेलेली व्यक्ती दुपारचे दोन वाजले तरी चिखलातून उतरतच असते. मधल्या साडेसहा तासांत एकाने खोलीत बसून दुसऱ्याची वाट पाहायची आणि दूरध्वनीला रेंज नसल्यामुळे काळजी करायची, असे पहिल्या दोन पावसाळ्यांत आमचे झाले. ठिकाण निवडताना आम्ही धबधबे किती आहेत हे पाहिले होते, परंतु दोघांना एकाच वेळी बाहेर पडून साधारण एकाच वेळी परत येता येईल का, हा प्रश्न विचारलाच नव्हता.

त्यामुळे या आढाव्यात माथेरान, भंडारदरा आणि आंबोली या तीन ठिकाणांची तुलना मी तीनच कसोट्यांवर करतो. पायाखालची जमीन कशी आहे, दोघांचे वेळापत्रक जुळते का, आणि पाऊस दोन दिवस अजिबात उघडला नाही तर मुक्कामाच्या दारातून पायी चालत काय गाठता येते. या तिसऱ्या कसोटीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, कारण जुलैमध्ये घाटमाथ्यावर सलग दोन दिवस कोसळणारा पाऊस हा अपवाद नसून नेहमीचाच अनुभव आहे.

निर्णय घाईने घ्यायचा असेल तर माझे मत आधीच सांगतो. दोघांपैकी धावणाऱ्याची ओढ अधिक असेल आणि हातात केवळ शनिवार-रविवार असेल, तर माथेरान घ्यावे. दोघांनाही मिळून एक मोठी चढाई करायची असेल आणि धावणे दुय्यम ठेवण्यास धावणाऱ्याची मनापासून तयारी असेल, तर भंडारदरा. सुटीचे तीन दिवस असतील आणि दोघांनाही रात्रीच्या जंगलाचे आकर्षण असेल, तर आंबोली. दोन दिवसांसाठी मुंबई-पुण्याहून आंबोली मात्र घेऊ नये, कारण त्यातला मोठा भाग प्रवासातच जातो.

माथेरान: मोटारी नसलेली जमीन

पावसाळ्यात डोंगरी रस्त्यावर धावणाऱ्या व्यक्तीला सर्वांत मोठा धोका घसरण्याचा नसतो, तर धुक्यातून अचानक समोर येणाऱ्या मोटारीचा असतो. ढग रस्त्यावर उतरले की वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, पावसाच्या आवाजात इंजिनाचा आवाज विरून जातो आणि वळणावरच्या चालकाला पायी माणूस असेल अशी अपेक्षाच नसते. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी मोटारी आणि दुचाकी यांना प्रवेश नाही. या एका नियमामुळे, सुमारे ८०० मीटर उंचीवरचा हा माथा धावणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात मला दुसरा सापडत नाही असा झाला आहे. रुग्णवाहिका आणि अलीकडच्या काळात न्यायालयाच्या परवानगीने आलेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर वाटेत भेटतात ती माणसे, घोडे आणि माकडे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे जांभा. माथेरानचा माथा लाल जांभ्या दगडाचा असून वरची माती पाणी लवकर शोषते. संततधारेनंतरही झाडांखालच्या वाटा काही ठिकाणी निसरड्या होतात खऱ्या, परंतु काळ्या कातळावर शेवाळ धरले म्हणजे पाय जसा क्षणात निसटतो, तसा प्रकार येथे कमी घडतो. दाट झाडीचे छत असल्यामुळे पावसाचा थेट मारा आणि वारा दोन्ही सौम्य होतात. दस्तुरी ते बाजारपेठ या मुख्य वाटेवर काही भागांत बसवलेले ब्लॉक ओले झाल्यावर गुळगुळीत होतात, आणि घोड्यांची लीद मिसळलेला लाल चिखल उतारावर बुटाच्या तळाची पकड पूर्णपणे काढून घेतो. म्हणून मुख्य वाटेवर चालावे आणि बाजारपेठेच्या पलीकडे, शार्लोट तलावाच्या दिशेने गेल्यानंतर धावण्यास सुरुवात करावी, असे आम्ही ठरवून टाकले आहे. तलाव, तेथून एको पॉइंट, पुढे लुईझा पॉइंट आणि झाडीतून परत, अशी वाट हवी तेवढी वाढवता अथवा आखडता येते. पाऊस वाढला तर कोणत्याही वळणावरून मुक्कामाकडे वळता येते, हे तिचे खरे मोल आहे.

वेळापत्रकाचा प्रश्नही येथे आपोआप सुटतो. ती धावत तलावापर्यंत जाते, मी त्याच वाटांवरून चालत जातो आणि भरून वाहणाऱ्या शार्लोट तलावाच्या बांधाजवळ आमची भेट होते. तिचा दीड तास आणि माझे दोन तास यांत फारसे अंतर उरत नाही. दुपारी पुन्हा पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला दोघांनी मिळून चालता येते. दिवसभर पाऊस थांबला नाही तरी यातले काहीही रद्द करावे लागत नाही. पॉइंटवरून दरीऐवजी केवळ पांढरा पडदा दिसतो, एवढेच. कड्यांच्या टोकाशी मात्र कठड्याबाहेर पाऊल ठेवू नये. जांभ्याची कड वरून भक्कम दिसली तरी खालून पोखरलेली असू शकते.

चढणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर माथेरान अपुरे पडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथे भटकंती भरपूर आहे, चढाई नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक चांगला मार्ग आम्हाला सापडला. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर भिवपुरी रोड स्थानकावर उतरून डिकसळ गावातून, पाली भूतिवली धरणाच्या कडेने गार्बट पठारावर आणि तेथून गार्बट पॉइंटला माथेरानमध्ये वर यायचे, ही वाट चढणाऱ्याचे समाधान करते. धावणाऱ्याने त्याच वेळी नेरळला उतरून सामायिक टॅक्सीने दस्तुरीला जावे, तेथल्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानची शटल गाडी पकडावी आणि खोली ताब्यात घेऊन ठेवावी. दुपारच्या जेवणाला दोघेही एकत्र असतात आणि कोणी कोणाची वाट पाहत बसत नाही. पावसात पठारावर ढग उतरल्यावर वाट चुकणे सोपे असल्यामुळे ही चढाई एकट्याने करू नये. गावातला वाटाड्या किंवा अनुभवी गट सोबत असावा.

नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारली. तिच्या ओढीने बेत आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नेरळ ते अमन लॉज हा घाटातला टप्पा पावसाळ्यात बंद असतो. वरचा शटलचा छोटा टप्पा मात्र साधारणपणे चालू राहतो. तोही अतिवृष्टीत थांबतो, तेव्हा दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटर पायी जाण्याची तयारी ठेवावी आणि सामान पाठीवर मावेल एवढेच न्यावे. सामानासाठी हमाल मिळतात. दस्तुरीला माणशी प्रवेशकर भरावा लागतो.

राहण्याच्या बाबतीत माथेरानला नव्या धर्तीच्या, त्रिकोणी छपरांच्या केबिन शोधण्यापेक्षा जुने बंगले पाहावेत. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणल्यानंतर येथे इंग्रज, पारशी आणि बोहरी कुटुंबांनी जी घरे बांधली, त्यांना चहूबाजूंनी खोल पडव्या आहेत. त्यांपैकी काही घरांत आज पाहुण्यांची सोय होते. चार फूट आत बसूनही अंगावर तुषार येणार नाहीत अशी पडवी, हे पावसाळी मुक्कामाचे अर्धे सुख आहे, आणि ते सुख या जुन्या गवंड्यांना आजच्या रचनाकारांपेक्षा अधिक कळले होते असे मला वाटते.

भंडारदरा: डोंगर आधी, बाकी सगळे नंतर

भंडारदऱ्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हा परिसर चढणाऱ्याला जे देतो, ते माथेरान कधीच देऊ शकणार नाही. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, येथून गाडीने जवळ आहे. रतनगड आणि त्याच्या पायथ्याचे रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणात अडते. पावसाळ्यात धरणाच्या भिंतीखालचा छत्रीच्या आकाराचा धबधबा आणि खाली रंधा धबधबा पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. माझ्या मते या दोन्हींपेक्षा जलाशयाच्या काठाने रतनवाडीकडे जाणारा रस्ता अधिक सुंदर आहे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस दर शंभर पावलांवर डोंगरातून उतरणारा ओहोळ, आणि मध्ये आवणीसाठी वाकलेल्या माणसांनी भरलेली भातखाचरे असे त्याचे जुलैतले रूप असते.

याच रस्त्यावर धावण्याची सोय आहे आणि याच रस्त्यामुळे अडचणही होते. पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळेत, विशेषतः शुक्रवारी किंवा सोमवारी, तो जवळजवळ निर्मनुष्य असतो. चढ-उतार सौम्य आहेत आणि डांबर ओले असले तरी पकड देते. शनिवारी नऊनंतर मात्र त्याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, धबधब्यापाशी वाहने आडवीतिडवी उभी राहतात आणि धावणाऱ्याला कडेला उभे राहून वाट द्यावी लागते. म्हणून भंडारदऱ्यात धावायचे असेल तर गजर पाचचा लावावा, अंगात भडक रंगाचे आणि उजेड परावर्तित करणारे जाकीट असावे, आणि कपाळावरचा दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवावा.

कळसूबाईबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या ठिकाणाची निवड बहुतेक जण तिच्यासाठीच करतात. पायथ्याच्या बारी गावातून वर जाण्यास चांगल्या प्रकृतीच्या माणसाला पावसाळ्यात तीन ते चार तास लागतात आणि उतरताना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. सुरुवातीला शेतांमधून, पुढे मंदिरावरून आणि नंतर कातळातून वाट चढते. कठीण जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिड्या भक्कम आहेत. अडचण होते ती गर्दीची. जुलै-ऑगस्टच्या रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, मागे भिजलेली रांग ताटकळत उभी राहते आणि वाऱ्यात एकाच जागी थांबलेले शरीर झपाट्याने गारठते. चालताना ऊब देणारे ओले कपडे थांबल्यावर शरीराची उष्णता शोषून घेतात, म्हणून पाठीवरच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा थर प्रत्येकाजवळ असलाच पाहिजे. माझा आग्रह असा की कळसूबाई शनिवार-रविवारी करू नये. शुक्रवारची रजा काढावी, त्या दिवशी पहाटे चढाई करावी आणि गर्दीचे दोन दिवस काठाने भटकण्यात घालवावेत. रजा शक्य नसेल तर पहाटे पाचपूर्वी बारीतून निघावे.

रतनगड मला अधिक प्रिय आहे, परंतु भर पावसात मी तो दोघांच्या सहलीसाठी सुचवणार नाही. रतनवाडीकडून जाणारी वाट दाट जंगलातून जाते आणि ओढा अनेकदा ओलांडते. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी वर डोंगरात सर आली की दुपारी मांडीला लागते, आणि परतीची वाट बंद होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पाणी ओसरल्यावर आणि सोनकीची पिवळी फुले उतारांवर आल्यावर, हाच गड आणि त्याचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, यांच्यासारखा आनंद दुसरा नाही. साम्रदच्या सांदण दरीत मात्र पावसाळ्यात पाऊलही ठेवू नये. ती चिंचोळी घळ म्हणजे पाण्याचीच वाट आहे.

वेळापत्रकाच्या कसोटीवर भंडारदरा स्पष्टपणे मागे पडते. चढाई हा येथे पूर्ण दिवसाचा उद्योग आहे, त्यामुळे दोघांनीही ती एकत्र केली तरच बेत जमतो. पहिल्या वेळी मी चढलो आणि पत्नी काठाने धावून परत आली. त्या दिवसाचा उरलेला भाग तिने कसा काढला हे तिने मला नंतर सांगितले, आणि तेव्हापासून आम्ही येथे दोघेही चढतो. धावणारी माणसे दमात कमी नसतात. त्यांना अडचण होते ती उतारावर. सपाटीवरच्या लयीची सवय झालेले पाय ओल्या कातळावर लांब पावले टाकतात आणि घसरतात. उतरताना पाऊल आखूड ठेवावे, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि टाच आधी टेकवू नये. आदल्या दिवशी लांब अंतर धावलेल्या व्यक्तीने दुसऱ्या दिवशी मोठा उतार उतरू नये, कारण मांडीचे थकलेले स्नायू शरीराला वेळेवर रोखू शकत नाहीत. म्हणून क्रम चढाई आधी आणि धावणे नंतर, असा असावा. चढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काठाने हलके अर्धा तास धावल्यास पायही मोकळे होतात.

तिसऱ्या कसोटीवर, म्हणजे पाऊस थांबलाच नाही तर, येथे मुक्कामाची जागा निर्णायक ठरते. शेंडी गावात राहिल्यास धरण, बाजार आणि जेवण पायी अंतरावर राहते. जलाशयाच्या पलीकडच्या बाजूस, पाण्याच्या काठावरच्या केबिन छायाचित्रांत अधिक मोहक दिसतात, परंतु तेथून प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते आणि धुक्यात ती काढावीशी वाटत नाही. गावातल्या घरगुती मुक्कामात नाचणीची भाकरी, पिठले आणि चुलीवरचा भात मिळतो. भिजून परतलेल्या माणसाला याहून अधिक काही लागत नाही.

प्रवासाबाबत एक नवी गोष्ट नोंदवतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांना कसारा घाटातील पावसाळी कोंडी टाळता येते. इगतपुरीनंतर घोटीवरून भंडारदऱ्याकडे वळायचे. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून पुढे गाडी ठरवावी. पुण्याकडून येणारे नारायणगाव, संगमनेर, अकोले असे येतात आणि त्यांना वाटेत मोठा घाट लागत नाही.

आंबोली: तीन दिवस असतील तरच

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तिघांत सर्वांत कमी, आणि पाऊस मात्र तिघांत सर्वाधिक. वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस येथे पडतो, म्हणजे मुंबईच्या सुमारे तिप्पट. हा आकडा वाचून थांबू नये. त्याचा अर्थ असा की जुलैमध्ये येथे कोरड्या तासाची वाट पाहणे व्यर्थ आहे. भिजतच बाहेर पडायचे आणि भिजूनच परतायचे, हे ज्या जोडप्याला मान्य असेल त्यांनीच आंबोली घ्यावी.

धावण्यासाठी येथे सावंतवाडी-बेळगाव हा मुख्य रस्ता पूर्णपणे वर्ज्य मानावा. घाटात अवजड वाहतूक असते, धुके दाट असते आणि धबधब्यापाशी सुटीच्या दिवशी झुंबड उडते. चौकुळ गावाकडे जाणारा आडरस्ता मात्र धावणाऱ्याच्या मनासारखा आहे. दोन्ही बाजूंना उघडे सडे (कातळाची सपाट माळराने), मधूनच जंगलाचा पट्टा आणि क्वचितच एखादी गाडी. उघड्या सड्यावर वारा सपाटून लागतो, म्हणून जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून येईल अशी दिशा निवडावी. घामाने आणि पावसाने भिजलेल्या अंगावर परतीच्या वेळी समोरचा वारा घेणे त्रासाचे होते.

चढाई मात्र येथे जवळजवळ नाही. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी असलेल्या मंदिरापर्यंतची चाल, महादेवगड पॉइंट, आणि गेळे गावाजवळच्या कावळेसाद पॉइंटला वाऱ्याने उलटे वर उडणारे पाणी पाहणे, एवढ्यावर चढणाऱ्याने समाधान मानावे. या तिन्ही ठिकाणांना दोघांनी मिळून चालत जाणे अधिक चांगले, आणि त्या दृष्टीने वेळापत्रक येथे जुळते.

आंबोलीचे खरे वैभव अंधार पडल्यावर उघडते. पावसाच्या पहिल्या आठवड्यांपासून येथील झाडांवर, पाणथळांवर आणि दगडांखाली बेडकांचे राज्य सुरू होते. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा आणि वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक २००९ साली विज्ञानाला नवी प्रजाती म्हणून परिचित झाला. हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेला छोटा मासा २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या स्थळाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. स्थानिक जाणकारासोबत रात्री दोन-तीन तास जंगलाच्या कडेने फिरल्यास उडता बेडूक आणि हिरवा चापडा साप यांचे दर्शन घडू शकते. कोणत्याही प्राण्याला हात लावू नये, झगझगीत प्रकाशझोत डोळ्यांवर मारू नये, आणि पाय टाकण्यापूर्वी जमीन पाहावी. चापडा हा विषारी साप फांदीवर अथवा वाटेच्या कडेला निश्चल बसलेला असतो. जळवांसाठी पायांवर लांब मोजे चढवावेत. दिवसभर धावून आणि चालून दमलेल्या दोघांनी रात्री अशा हळू, जवळजवळ थांबत केलेल्या फेरीत जे मिळवले, ते आम्हाला अन्यत्र कोठे मिळालेले नाही, आणि केवळ त्यासाठी आम्ही पुन्हा आंबोलीला जाऊ.

अंतराचे गणित मात्र कठीण आहे. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने सावंतवाडी रोड स्थानकावर यावे लागते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सुरक्षिततेसाठी कमी वेगाने धावतात. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात राहणाऱ्या वाचकांसाठी हे सारे उलटे आहे. बेळगावपासून आंबोली ७० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्यांनी माथेरान किंवा भंडारदऱ्याचा विचार करण्याचेच कारण नाही.

केवळ धावण्यासाठीच जायचे असेल तर

दोघेही धावणारे असतील आणि पुढे एखादी डोंगरी शर्यत असेल, तर या तिन्ही ठिकाणांऐवजी साताऱ्याला जावे. सातारा शहरातून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढणारा रस्ता डोंगरावर धावणाऱ्यांमध्ये चांगलाच परिचित आहे. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये निम्मे अंतर याच घाटाने चढायचे आणि निम्मे उतरायचे असते. त्याच वर्षी कासचे पठार पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांमध्ये समाविष्ट झाले. फुलांच्या हंगामात तेथे तिकीट काढूनच प्रवेश मिळतो आणि वाहनांची गर्दी वाढते, म्हणून धावण्याचा सराव यवतेश्वरच्या पट्ट्यातच ठेवावा. फुलांवरून धावण्याचा विचारही मनात आणू नये.

महिना आणि मुक्काम

जूनच्या सुरुवातीच्या वादळी सरींमध्ये आणि पाऊस परतताना, म्हणजे सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरात, विजा अधिक चमकतात. अशा दुपारी उघड्या माथ्यावर किंवा लोखंडी शिडीवर असू नये. जुलैचा पाऊस मुसळधार असतो, परंतु बहुधा गडगडाटाविना पडतो. माथेरानसाठी मी जुलै निवडेन, भंडारदऱ्यासाठी ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर, आणि बेडकांच्या ओढीने जायचे असेल तर आंबोलीसाठी जूनचा दुसरा पंधरवडा. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहावा. जिल्ह्यासाठी लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. अशा वेळी प्रशासन अनेकदा धबधबे आणि गडांवर प्रवेशबंदीही लागू करते.

केबिन निवडताना आम्ही एकदा फसलो. छायाचित्रांत दिसलेली काचेची भिंत आणि दरीचे दृश्य पाहून आगाऊ पैसे भरले. तेथे गेल्यावर कळले की छप्पर पत्र्याचे आहे आणि त्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात एकमेकांशी बोलताही येत नाही. गाद्या दमट होत्या, ओले बूट ठेवण्यास आडोसा नव्हता आणि वीज गेल्यावर गरम पाणीही गेले. दोन दिवसांत आमचा एकही कपडा वाळला नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे धावणे केवळ ओल्या बुटांमुळे रद्द झाले. तेव्हापासून पैसे भरण्यापूर्वी आम्ही यजमानांना स्वतः दूरध्वनी करून विचारतो. पडवीला छप्पर आहे का आणि ती किती खोल आहे, पाणी चुलीवर किंवा बंबात तापते की केवळ विजेवर, कपडे वाळवण्यास बंद जागा आहे का, आणि जुनी वर्तमानपत्रे मिळतील का. शेवटचा प्रश्न ऐकून यजमान चकित होतात, परंतु ओल्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून ते दर दोन तासांनी बदलले, तर रात्रीतून बूट पुन्हा घालण्याजोगे होतात.

आणखी एक प्रश्न आम्ही न चुकता विचारतो, आणि त्याचे उत्तर असमाधानकारक असेल तर जागा कितीही सुंदर असली तरी सोडून देतो. केबिनच्या मागे डोंगर कापून सपाटी केलेली आहे का? ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी, ही दोन गावे पावसात कोसळलेल्या डोंगराखाली गेली. इर्शाळवाडी माथेरानच्याच डोंगररांगेशेजारी आहे. ती माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, सहलीला आलेली नव्हती. त्यांच्या दुःखाशी आपल्या दोन रात्रींची तुलना होऊ शकत नाही. परंतु कापलेल्या उताराच्या पायथ्याशी, मागच्या भिंतीला टेकून ताजी माती उभी असलेल्या खोलीत सलग पावसाच्या रात्री झोपणे हा धोका पत्करण्याचे आपल्याला काहीही कारण नाही. यजमानांनी मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवण्यास नकार दिला, तर आम्ही दुसरी जागा शोधतो.

या वर्षी आमच्याकडे जुलैतला एकच शनिवार-रविवार आहे आणि पत्नीच्या सरावाचे वेळापत्रक सुरू आहे. आम्ही माथेरानचा एक जुना, खोल पडवीचा बंगला ठरवला आहे. ती नेरळला उतरेल, मी दोन मित्रांसह एक स्थानक पुढे, भिवपुरी रोडला.